मातीवरची तार आणि केबलचा कान : इंदूरच्या एका हॅम केंद्राचा प्रकरण अभ्यास

इंदूरच्या लोकमान्यनगरात राहणाऱ्या माझ्या काकांचे हौशी रेडिओ (हॅम) केंद्र गेल्या चैत्रात अशा अवस्थेला येऊन ठेपले होते की त्यांचे बोलणे सगळ्यांना ऐकू जाई आणि त्यांना मात्र कोणाचेच ऐकू येत नसे. सकाळी सातच्या सुमारास ते ४० मीटर पट्ट्यावर (सुमारे ७ मेगाहर्ट्झ) हाक देत. पुणे, कोल्हापूर, हैदराबाद येथील मंडळी उत्तर देत. ते उत्तर काकांच्या स्पीकरमधल्या घरघरीत बुडून जाई. आणि मग कोणीतरी फोन करून, "अहो, तुम्ही इथे उत्तम ऐकू येताय, आम्ही तीनदा उत्तर दिलं," असे कळवी. दूरसंचार खात्यात उभी हयात काढलेल्या माणसाला रेडिओवरच्या उत्तरासाठी टेलिफोनची वाट पाहावी लागणे किती झोंबत असेल, हे त्यांनी बोलून दाखवले नाही, पण एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांनी मला बोलावून घेतले आणि जिन्यातच विचारले, "अरे, बहिरा मी झालोय की रेडिओ?" तेव्हापासून दिवाळीपर्यंत आम्ही जे जे केले ते त्यांच्या नोंदवहीत तारीखवार आहे, आणि पुढील लिखाण त्याच नोंदींवर आधारलेले आहे.

केंद्राची रचना साधी आहे. गच्चीवरच्या लोखंडी नळावर सुमारे ९ मीटर उंचीवर मध्य असलेली, दोन्ही बाजूंना उतरती झालेली अर्ध्या लहरीची तार, म्हणजे इन्व्हर्टेड व्ही. तिथून पहिल्या मजल्यावरच्या खोलीत आलेली कोॲक्स केबल, म्हणजे मधल्या तारेभोवती धातूची जाळी असलेली केबल. १२ व्होल्टवर चालणारा, बोलण्याचा आणि ऐकण्याचा संच. आणि शेजारी लॅपटॉपला जोडलेला एक लहान एसडीआर, म्हणजे सॉफ्टवेअरवर चालणारा रिसीव्हर. या रिसीव्हरमुळे आमचे काम पुष्कळ सोपे झाले, कारण संचावरच्या एस-मीटरचा, म्हणजे सिग्नलचा जोर दाखवणाऱ्या मापकाचा, काटा कमी पातळीवर फारसा विश्वासू नसतो आणि एसडीआरवर मात्र २.४ किलोहर्ट्झ रुंदीतील गोंगाटाची पातळी थेट डीबीएममध्ये वाचता येते (हे शक्तीचे माप; उणे आकडा जितका मोठा तितकी शक्ती कमी). ठरलेल्या मोजणीनुसार एस-९ म्हणजे उणे ७३ डीबीएम आणि त्याखालची प्रत्येक पायरी ६ डेसिबलची. काकांच्या खोलीत ७.१ मेगाहर्ट्झच्या आसपास, एकही स्टेशन नसलेल्या जागी, पहिल्या दिवशी उणे ७६ डीबीएम इतका गोंगाट होता. म्हणजे मीटरचा काटा कोणी न बोलताच एस-८ आणि एस-९ यांच्या मध्ये उभा असे.

अशा प्रसंगी पहिला संशय स्वतःच्या घरावर घ्यावा, हा या छंदातला जुना शिरस्ता आहे. संच बॅटरीवर चालवून मीटरजवळचा मुख्य स्विच बंद केला, घरातला इन्व्हर्टरही बंद केला, आणि गोंगाट उणे ८५ वर आला. याचा अर्थ बराचसा त्रास घरचाच होता. एकेक वस्तू परत सुरू करत गेल्यावर दोन चोर सापडले: इंटरनेटच्या राउटरचा ॲडॉप्टर आणि देवघरातला एलईडी दिवा. ॲडॉप्टरच्या जागी लोखंडी गाभ्याचा जुना ट्रान्स्फॉर्मर लावून केलेला वीजपुरवठा आणि देवघरात दुसरा दिवा, एवढ्यावर पातळी उणे ७९ पर्यंत उतरली. त्यापुढे घरातून मिळण्यासारखे थोडेच उरले होते आणि जे उरले होते ते काकूंच्या संमतीशिवाय बंद करण्याजोगे नव्हते.

मुख्य स्विच बंद असतानाचा उणे ८५ हा आकडा अधिक बोलका होता. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या पी-३७२ या शिफारशीत निवासी वस्तीतील मानवनिर्मित गोंगाटाचा जो मध्यम अंदाज दिला आहे, त्याप्रमाणे ७.१ मेगाहर्ट्झवर तो औष्णिक (तापमानामुळे आपोआप निर्माण होणाऱ्या) गोंगाटापेक्षा सुमारे ४९ डेसिबल वर असतो, २.४ किलोहर्ट्झ रुंदीला आणि नुकसान नसलेल्या अँटेनाला त्याचे उणे ९१ डीबीएम होतात. म्हणजे काकांचे सगळे घर अंधारात बुडवले तरी आजूबाजूच्या घरांतून येणारा गोंगाट मध्यम वस्तीच्या मानाने ६ डेसिबलने जास्तच होता. शेजारच्या घरांतले दिवे, चार्जर, पंपाचे कंट्रोलर आणि पूर्वेकडच्या घराच्या गच्चीवरची सौर पॅनेलची मांडणी यांवर आमची सत्ता चालणार नव्हती. प्रश्न गोंगाट थांबवण्याचा न राहता त्यापासून दूर जाऊन ऐकण्याचा झाला.

घराच्या मागे एक ४० बाय ६० फुटांचा रिकामा भूखंड आहे. मालक पुण्यात असतात आणि काका त्या जागेवर लक्ष ठेवतात. खांब रोवायला मालकांनी विनम्र नकार दिला, पण "जमिनीवर काही ठेवायचे तर खुशाल ठेवा" असे सांगितले. मी त्या शब्दाला शब्दशः धरले आणि ऐकण्यापुरती एक तार सरळ मातीवर अंथरण्याची कल्पना मांडली. काकांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिले. "गच्चीवरची तार ऐकत नाही, आणि मातीत पडलेली ऐकणार?"

त्यांची शंका रास्त होती. जमिनीवरची तार उंचावरच्या तारेच्या तुलनेत खरोखरच बहिरी असते. ७ मेगाहर्ट्झवर तिच्यात येणारा सिग्नल २५ ते ३० डेसिबलने कमी असू शकतो. पण या पट्ट्यांवर ऐकू येणे हे सिग्नलच्या मोठेपणावर अवलंबून नसून सिग्नल आणि गोंगाट यांच्यातील अंतरावर अवलंबून असते. बाहेरून येणारा गोंगाट रिसीव्हरच्या स्वतःच्या गोंगाटापेक्षा कितीतरी वर असल्यामुळे दोन्ही एकाच प्रमाणात खाली आले तर काहीच बिघडत नाही, आवाजाचे बटण फिरवून ते भरून काढता येते; आणि गोंगाट सिग्नलपेक्षा जास्त खाली आला तर निव्वळ फायदा होतो. पाठवताना हे तत्त्व लागू पडत नाही, कारण तिथे मातीत गेलेली शक्ती गेलीच. म्हणून पाठवण्याची तार आणि ऐकण्याची तार वेगळी ठेवण्याचा मार्ग निघतो, आणि तो आजचा नाही. अमेरिकेतील जेम्स हॅरिस रॉजर्स यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळातच जमिनीखाली पुरलेल्या तारांवर दूरचे संदेश ऐकले होते. हॅरॉल्ड बेव्हरेज यांना जमिनीलगतच्या लांब तारेच्या अँटेनाचे पेटंट १९२१ मध्ये मिळाले, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात पॉल गॉडली यांनी स्कॉटलंडमधील आर्ड्रोसन येथे तशीच सुमारे ४०० मीटर लांबीची तार ताणून अमेरिकन हौशी केंद्रांचे कमी तरंगलांबीवरचे संकेत अटलांटिकपार ऐकले. टपाल-तार-दूरसंचार या परंपरेतला माणूस इतिहासाने लवकर वश होतो. काकांनी चष्मा परत चढवला.

जमिनीवरची तार मुळात ऐकते कशी, हे इथे थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण पुढचा पावसाळ्याचा अनुभव त्यावाचून कळणार नाही. जमीन जर धातूच्या पत्र्यासारखी पूर्ण वाहक असती, तर तिच्या पृष्ठभागालगत विद्युत क्षेत्राचा आडवा घटक उरलाच नसता आणि तिच्यावर पडलेल्या आडव्या तारेत काहीही निर्माण झाले नसते. प्रत्यक्षात जमीन अर्धवट वाहक असते; तिच्यावरून सरकणाऱ्या उभ्या लहरीचा पाय मागे ओढला जाऊन ती पुढे किंचित झुकते, आणि आकाशातून तिरकी उतरणारी लहरही पूर्णपणे परावर्तित होत नाही, त्यामुळे आडव्या घटकाचा थोडासा अंश शिल्लक राहतो. तार जगते ती या उरलेल्या अंशावर. म्हणूनच कोरडी, खडकाळ, निकृष्ट जमीन अशा तारेला मानवते आणि ओली, क्षारयुक्त, सुपीक जमीन मानवत नाही. शेतकऱ्याची आणि हॅमची जमिनीविषयीची पसंती इथे नेमकी उलटी होते. माळव्याची काळी माती बेसाल्टाच्या खडकापासून झालेली, चिकण अंश भरपूर असलेली; उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसात ती फुगून लोण्यासारखी होते. आमची जमीन वर्षातून दोनदा आपला स्वभाव बदलणार, हे पहिल्यापासून गृहीत धरावे लागले.

बेव्हरेजच्या पद्धतीची सरळ तार जमिनीवर टाकायची तर ८० किंवा १६० मीटर पट्ट्यासाठी तिला ६० मीटरच्या आसपास लांबी लागते, आणि आमच्याकडे तेवढी जागा नव्हती. त्यामुळे जमिनीवरच्या चौकोनी वेढ्याची निवड केली: प्रत्येक बाजू ४.५ मीटर, एकूण १८ मीटर. घराच्या वायरिंगला वापरतात ती एक चौरस मिलिमीटरची आवरणासह तांब्याची तार घेतली. वेटोळे ९० मीटरचे येते, म्हणून उरलेल्या तारेतून पुढच्या चुकांची सोय आपोआप झाली. तारेला जमिनीवर घट्ट धरून ठेवण्यासाठी लोखंडी सळईचे यू आकाराचे खुंटे ठोकले. वेढ्याचा सर्वांत जवळचा कोपरा घराच्या भिंतीपासून साधारण १२ मीटरवर आला. केबल मात्र खिडकीतून खाली, भिंतीला लागून, मोरीच्या बाजूने जाऊन कुंपण ओलांडत नेल्यामुळे २५ मीटर लागली.

वेढ्याचा विरोध काही शे ओहम आणि केबलचा ५०, म्हणून मधे रूपांतरक ट्रान्स्फॉर्मर हवा. घाईत मी जेल रोडच्या बाजारातून टीव्हीच्या जुन्या अँटेनाला लावत असत ते ३०० ते ७५ ओहमचे बॅलून, म्हणजे तार आणि केबल यांच्यामधला छोटा ट्रान्स्फॉर्मर, आणले. ही पहिली चूक. ते टीव्हीच्या उच्च वारंवारितेसाठी बनवलेले असते. त्याच्या फेराइट या चुंबकीय पदार्थाच्या इवल्याशा गाभ्यावरचे दोन-तीन फेरे ३.६ मेगाहर्ट्झवर, म्हणजे ८० मीटर पट्ट्यावर, पुरेसे पडत नाहीत. शिवाय, आणि हे अधिक महत्त्वाचे, त्याच्या दोन्ही बाजू एकमेकींपासून विद्युतदृष्ट्या अलग नसतात. केबलची जाळी आतून वेढ्याच्या तारेला जोडलेली राहते. त्या वेळी मला त्यातले पहिले वैगुण्य माहीत होते, दुसऱ्याकडे मी लक्ष दिले नाही.

मे महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी साडेसात वाजता तुलना केली. पुण्याचे एक स्टेशन गच्चीवरच्या तारेवर उणे ६८ डीबीएम होते आणि गोंगाट उणे ७९. फरक ११ डेसिबल. तेच स्टेशन मातीवरच्या वेढ्यावर उणे ९८ आणि गोंगाट उणे १०५. फरक ७ डेसिबल. सिग्नल ३० डेसिबलने घटला हे अपेक्षितच होते, पण गोंगाट त्याहून कमी घटला होता, म्हणजे एवढा खटाटोप करून आम्ही आधीपेक्षा ४ डेसिबलने मागे गेलो होतो. काकांनी वहीत फक्त "तार अंथरली. लाभ नाही." असे लिहिले आणि ती ओळ मला अजून बोचते.

गोंगाट वेढ्यातून येतो की केबलमधून, हे तपासायला हवे होते. त्यासाठी सर्वत्र सांगितली जाणारी चाचणी मी केली: केबलचे दूरचे टोक बॅलूनपासून सोडवून तिथे धातूच्या टोपीतला ५० ओहमचा रेझिस्टर लावला. पडद्यावरची गोंगाटाची रेघ एकदम रिसीव्हरच्या स्वतःच्या तळापर्यंत खाली गेली. त्यावरून मी निष्कर्ष काढला की केबल निर्दोष आहे आणि जो काही गोंगाट आहे तो भूखंडावर वेढ्यातच शिरतो आहे. पुढचे दोन आठवडे आम्ही या निष्कर्षाच्या मागे वाया घालवले. वेढा फिरवून पाहिला, आकार बदलला, काकांनी तर शेजाऱ्यांच्या दिव्यांची यादीही केली.

चूक चाचणीच्या कृतीत नव्हती, तिच्या अर्थ लावण्यात होती. कोॲक्स केबलच्या जाळीला दोन पृष्ठभाग असतात. सिग्नल आतल्या तारेवर आणि जाळीच्या आतल्या अंगाने जातो. घरातला गोंगाट मात्र संचाच्या धातूच्या पेटीवरून, लॅपटॉपच्या चार्जरवरून, अर्थिंगच्या तारेवरून जाळीच्या बाहेरच्या अंगावर चढतो आणि तिच्यावरून भूखंडाकडे चालू लागतो. हॅम मंडळी याला कॉमन मोड करंट म्हणतात. जाळी शाबूत असेल तोवर हा प्रवाह आत शिरू शकत नाही. तो आत शिरतो केबलच्या टोकाला, जिथे जाळी संपते आणि अँटेना सुरू होते. आमच्या बॅलूनमध्ये जाळी वेढ्याला जोडलेली असल्यामुळे तो प्रवाह त्या ठिकाणी दोन वाटांनी फुटत होता, एक भाग सरळ तारेवर आणि दुसरा ट्रान्स्फॉर्मरमधून पलीकडच्या तारेवर, आणि दुसरा भाग रिसीव्हरला सिग्नलच वाटत होता. धातूच्या टोपीतला रेझिस्टर लावला की नेमके हेच तोंड बंद होते. म्हणजे चोर ज्या दारातून येतो ते दार लावून घेऊन मी "चोर येत नाही" असा पंचनामा केला होता. जाळी तुटलेली आहे की नाही, जोडणी सैल आहे की नाही, हे ओळखायला ही चाचणी ठीक आहे. बाहेरून वाहणाऱ्या प्रवाहाविषयी ती काहीच सांगत नाही.

खरे काय ते मेच्या तिसऱ्या आठवड्यात, तेही सोयीखातर केलेल्या एका गोष्टीतून कळले. दुपारच्या उन्हात वर-खाली करण्याचा कंटाळा आल्याने संध्याकाळी मी लॅपटॉप आणि एसडीआर भूखंडावरच नेला, दोन्ही बॅटरीवर, आणि वेढ्याला एक मीटरच्या केबलने जोडला. घरात सगळे दिवे, पंखे, इन्व्हर्टर चालू होते. गोंगाट उणे ११६ डीबीएम. मला वाटले जोडणी निघाली, पण कोल्हापूरचे एक स्टेशन इतके मोकळे ऐकू येत होते की काका कुंपणापलीकडून "कोण बोलतंय?" असे विचारत आले. मग तिथेच बसून लांब केबलचे फक्त दूरचे टोक, घरातल्या संचाला जोडलेल्या अवस्थेत, तिच्या जाळीपुरते बॅलूनच्या जाळीला टेकवले. आकडा उडी मारून उणे १०५ च्या जवळ गेला. टेकवा, वर, सोडा, खाली. आम्ही दोघांनी हे दहा-बारा वेळा केले, त्यातल्या निम्म्या वेळा केवळ बघायला बरे वाटत होते म्हणून.

तेव्हा इतके दिवस आम्ही जिची तक्रार करत होतो ती अँटेना वेढा नव्हतीच. घराच्या भिंतीला चिकटून जाणारी २५ मीटरची केबल हीच आमची अँटेना होती. गच्चीवरच्या तारेलाही हा रोग असतोच, पण तिच्यात सिग्नल इतका मोठा असतो की केबलमधून आलेली भर झाकली जाते. जमिनीवरची तार मुळात ३० डेसिबलने बहिरी, त्यामुळे तिच्याशेजारी केबलची कुजबुज आरोळीसारखी ठरते. जमिनीवरच्या तारांविषयी "लावून पाहिली, काही उपयोग नाही" असे सांगणारी मंडळी पुष्कळ भेटतात. त्यांच्यापैकी बहुतेकांनी तार ऐकलेलीच नसावी, असे माझे आता मत झाले आहे.

दुरुस्तीला दोन रविवार लागले. ७३ क्रमांकाच्या फेराइटचा दोन भोकांचा कोर मागवून त्यावर केबलच्या बाजूला २ आणि वेढ्याच्या बाजूला ६ फेरे असे दोन पूर्णपणे अलग गुंडाळे केले. विरोधाचे गुणोत्तर फेऱ्यांच्या गुणोत्तराच्या वर्गाने ठरत असल्यामुळे ते ९ ला १ होते, म्हणजे ४५० ओहमचे ५० होतात. दोन्ही गुंडाळे एकमेकांवर न घेता शक्य तेवढे दूर ठेवले, कारण अलग असले तरी त्यांच्यामधल्या कपॅसिटन्समधून थोडा प्रवाह पलीकडे जातोच. त्याला अडवायला ट्रान्स्फॉर्मरच्या अलीकडे चोक, म्हणजे फेराइटवर गुंडाळलेली केबल, घातला. काकांनी जुन्या मॉनिटरच्या केबलींवरचे फेराइटचे मणी जपून ठेवले होते आणि ते वापरावेत असा त्यांचा आग्रह होता. ते लावून पाहिले. फरक एक डेसिबलचाही पडला नाही. मण्यातून केबल एकदाच जाते. चोकचा अडथळा फेऱ्यांच्या संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून ३१ क्रमांकाच्या फेराइटच्या मोठ्या कड्यावर बारीक कोॲक्सचे १२ फेरे घेतलेला एकच चोक या पट्ट्यांवर अशा मण्यांच्या माळेला भारी पडतो. असे दोन चोक केले, एक वेढ्यापाशी आणि एक केबल घरात शिरते तिथे. दोहोंच्या मधे जाळीला जमिनीत ठोकलेल्या सळईशी जोडले, आणि उन्हाळ्यात भेगाळलेल्या त्या मातीत सळईला पकड मिळावी म्हणून काकांनी जुन्या रीतीप्रमाणे खड्ड्यात कोळसा आणि मीठ भरले. ही सळई घराच्या मुख्य अर्थिंगशी जाड तारेने जोडून घेतली. दोन अर्थिंग एकमेकांपासून तुटक ठेवणे वीज पडण्याच्या दृष्टीने धोक्याचे असते.

त्यानंतरच्या सकाळी पहिल्या मजल्यावरच्या खोलीतून, सगळे घर चालू असताना, पुण्याचे तेच स्टेशन वेढ्यावर उणे ९८ आणि गोंगाट उणे ११६ होता. फरक १८ डेसिबल. गच्चीवरच्या तारेपेक्षा ७ डेसिबलने अधिक. ७ डेसिबल ऐकायला थोडे वाटतात, पण समोरच्याने आपली शक्ती पाचपट केल्यावर जो फरक पडेल तोच हा. काकांचा पहिला अभिप्राय मात्र नाराजीचा होता, कारण काटा एस-५ च्या पुढे जाईना. ९ च्या पुढचा काटा पाहण्याची चाळीस वर्षांची सवय असलेल्या माणसाला एस-५ म्हणजे नापासाचे गुण वाटतात. आवाजाचे बटण वाढवून दिले आणि काट्यावर कागदाचा तुकडा चिकटवला. तो अजून तिथेच आहे.

या शांततेचे श्रेय मातीला किती आणि अंतराला किती, हा प्रश्न मला स्वस्थ बसू देईना. म्हणून सगळे चोक आणि ट्रान्स्फॉर्मर तसेच ठेवून तोच वेढा घराच्या मागच्या भिंतीला लागून अंगणात अंथरून पाहिला. सिग्नल जवळपास तितकाच राहिला आणि गोंगाट ९ डेसिबलने वाढला. घरातल्या तारांभोवतीचे क्षेत्र अंतराबरोबर फार वेगाने ओसरते, त्यामुळे भिंतीपासूनचे पहिले दहा-बारा मीटरच सर्वांत मोलाचे असतात. जमिनीवर असण्याचा लाभ माझ्या मते दुय्यम आहे: खांब लागत नाही, शेजाऱ्याची परवानगी सहज मिळते आणि तार कोणाच्या डोळ्यांत खुपत नाही.

दिशेविषयी फारसे लिहिण्याजोगे हाती लागले नाही. अशा वेढ्याचा ऐकण्याचा आकार इंग्रजी आठसारखा, जोडणीच्या बिंदूतून समोरच्या बाजूकडे जाणाऱ्या रेषेवर अधिक, असे मानतात. आम्ही ती रेषा उत्तर-दक्षिण ठेवली, म्हणजे दिल्ली आणि कोल्हापूर साधारण तिच्यावर आणि नागपूर व वडोदरा तिच्या आडव्या दिशेला यावेत. नागपूर त्यामुळे कमी ऐकू येईल ही अपेक्षा ४० मीटरवर खरी ठरली नाही. कारण उघड आहे: पाचशे किलोमीटरच्या आतली स्टेशने आयनांबरावरून, म्हणजे लहरी परतवणाऱ्या वरच्या विद्युतभारित हवेच्या थरावरून, ४५ अंशांहून अधिक कोनात उतरतात, आणि इतक्या वरून येणाऱ्या लहरीला पूर्व-पश्चिमेचा भेद फारसा उरत नाही.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात पहिला दमदार पाऊस झाला आणि दुसऱ्या दिवशी सगळी स्टेशने ५ डेसिबलने खाली गेली. काकांना वाटले ट्रान्स्फॉर्मरच्या डबीत पाणी शिरले. डबी साबणाची होती आणि पाणी शिरलेही होते, पण ती पुसून, वाळवून, मेणाने बंद केल्यावरही सिग्नल वर आला नाही. नॅनोव्हीएनए या लहानशा मापकयंत्राने वेढा तपासला तेव्हा उलगडा झाला. १८ मीटरचा वेढा हवेत असता तर त्याच्या पहिल्या अर्धलहरी अनुनादाची जागा, म्हणजे त्याची लांबी बरोबर अर्धी लहर ठरते ती वारंवारिता, ८.३ मेगाहर्ट्झच्या आसपास आली असती. मेमधल्या वाळलेल्या मातीवर ती ५.८ जवळ होती. पावसानंतर ती ४.७ वर उतरली होती. पाण्याने भरलेली माती तारेवरच्या लहरीला अधिक मंद करते, त्यामुळे तोच वेढा विद्युतदृष्ट्या लांब होतो, आणि जमीन अधिक वाहक झाल्यामुळे आडव्या क्षेत्राचा उरलासुरला अंशही आक्रसतो. मात्र गोंगाटही त्याच प्रमाणात, उणे १२१ पर्यंत खाली आला होता, म्हणजे दोहोंमधले अंतर होते तेच राहिले. जुलैत आणखी एक-दोन डेसिबल घटल्यावर रिसीव्हरचा स्वतःचा तळ जवळ येऊ लागला. तिथे प्रथमच एक लहान प्रीॲम्प्लिफायर (रिसीव्हरच्या आधी सिग्नल वाढवणारे साधन) लावणे सार्थ ठरले. उन्हाळ्यात तो लावला असता तर सिग्नल आणि गोंगाट दोन्ही फुगण्यापलीकडे काही साधले नसते. ८० मीटरवर रात्रीचा फायदा पावसाळ्यातही टिकला, मात्र ढगांच्या कडकडाटाची खरखर वेढ्यावर आणि गच्चीवर सारखीच येते; तिला अंतराने फरक पडत नाही.

पावसाळ्यातले बाकीचे अनुभव तांत्रिक कमी आणि माळव्याचे जास्त आहेत. गवत वाढून तार दिसेनाशी झाली आणि ते कापायला आलेल्या माणसाने ती दोन ठिकाणी तोडली. एकदा आवरण खारीने कुरतडले. ढग जमले की केबल खिडकीतून बाहेर काढून ठेवण्याचा नेम काकांनी स्वतःला लावून घेतला आहे, आणि त्यात मी कधी सूट सुचवली तर ते ऐकून घेत नाहीत.

एका बाबतीत मात्र आम्ही थोडक्यात बचावलो. काकांच्या संचाला ऐकण्याच्या अँटेनासाठी वेगळा सॉकेट नाही, म्हणून वेढा कायम एसडीआरलाच जोडलेला असतो आणि संच गच्चीवरच्या तारेवर पाठवतो. पाठवताना दोन्ही तारांमधले अंतर इतके थोडे असते की वेढ्यात रिसीव्हर भाजण्याइतकी शक्ती येऊ शकते. पहिला महिना आम्ही हे विसरलो होतो आणि नशिबाने काकांनी त्या काळात कमी शक्तीवरच बोलणे केले. आता बोलण्याचे बटण दाबताच एक रिले (विजेने हलणारा स्विच) वेढा सोडवून रिसीव्हरचे तोंड जमिनीला टेकवते. पण बटण दबल्यावर रिले हलायला काही मिलिसेकंद जातात आणि तोवर पाठवणे सुरू होऊ शकते. ते टाळण्यासाठी पाठवण्याला किंचित उशीर करणारी छोटी जोडणी काकांनीच, एका जुन्या टेलिफोन एक्स्चेंजच्या रिलेवर, बसवली.

दिवाळीच्या सुमारास माती पुन्हा वाळू लागली तेव्हा सिग्नल मेच्या पातळीकडे परतताना दिसला आणि प्रीॲम्प्लिफायर काढून ठेवला. पूर्वेकडच्या सौर मांडणीचा गोंगाट अजून आहे: सकाळी ऊन पॅनेलवर पडले की ७.१ मेगाहर्ट्झच्या आसपास ठरावीक अंतराने उभ्या पुसट रेघा उमटतात, दिवसभर हळूहळू सरकतात आणि सूर्य मावळला की एकाएकी नाहीशा होतात. वेढ्यावर त्या गच्चीपेक्षा १० डेसिबलने फिकट आहेत, पण आहेत. त्या घरच्या मंडळींशी काकांचे बोलणे झाले असून, थंडीत पॅनेल धुवायला माणूस येईल तेव्हा त्यांच्या इन्व्हर्टरच्या तारांवर आमचे दोन मोठे कडे चढवून पाहायला त्यांनी हरकत घेतलेली नाही. वहीत त्या तारखेची जागा सोडलेली आहे.